मुठीवरचे दोरे

माझ्या फडताळात एक सुरी आहे. वीतभर पातं, खैराची मूठ, मुठीला तीन खिळे. मूठ उघडी आहे आणि तिच्यावर गोल गोल बारीक चरे पडले आहेत, विहिरीच्या काठाला दोर घासून पडतात तसे. घरी येणारा प्रत्येक शहाणा म्हणतो, "मावशी, हिला जरा कापड गुंडाळा, म्हणजे हातातून निसटायची नाही." मी म्हणते, बाबा, तुझं शहाणपण तुझ्यापाशी ठेव. ही मूठ उघडी करायला माझ्या आतेला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत अर्ध्या गावाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

तेव्हा मी आईच्या पोटात होते. म्हणजे हे सगळं ऐकीव आहे. पण ते मी तिघांकडून ऐकलंय, आईकडून, बापाकडून आणि खुद्द आतेकडून, आणि तिघांचं जिथे जुळतं तेवढंच सांगते.

आते म्हणजे बाईजा, माझ्या बापाची थोरली बहीण. शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात आमचं गाव खैरपाडा. खाली आम्हा कुणब्यांची घरं, वर टेकाडावर ठाकरांची वाडी. दोन्हीकडची बाळंतपणं बाईजा करायची. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असे. बाळंतीण ओरडली की ही तिच्या वर ओरडे, "बोंबलतंस काय गो, पोर घाबरंल ना आत!" आणि ओरडता ओरडता तिचे पाय चेपत राही. तिच्या तोंडाला कुणी भीत नसे, कारण तिचे हात सगळ्यांना ठाऊक होते.

मुठीची गोष्ट मात्र ती सुईण होण्याच्याही आधी सुरू होते. बाईजा तेरा वर्षांची असताना तिची आई बाळंत झाली. मुलगा झाला, तो माझा बाप देवजी. पण आई त्याच दिवशी, दुपार कलायच्या आत गेली. नाळ कापायला शेजारच्या पाड्यावरची धोंडीबाई सुईण आली होती. सुरी नवीकोरी, त्याच आठवड्यात लोहाराकडून आणलेली. नाळ बांधायला बाळंतिणीच्याच लुगड्याच्या पदरातून सूत ओढायचं आणि मांडीवर वळून त्याचा दोरा करायचा, अशी आमच्याकडची रीत. त्या दोऱ्याचा तुकडा उरला होता. बाहेर आईला न्यायची तयारी चाललेली, आणि बाईजा तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन कोपऱ्यात थिजून बसलेली. रडत नव्हती, बोलत नव्हती. धोंडीबाईला काय सुचलं कुणास ठाऊक. तिने तो उरलेला दोरा सुरीच्या मुठीवर गुंडाळला, धावड्याचा डिंक भिजवून वरून लिंपला आणि मूठ पोरीच्या हातात दिली.

"हे बघ, ह्यो तुज्या आयशीच्या लुगड्याचा दोरा. ह्यो जवर मुठीला हाय, तवर तुजा भाव जमिनीला हाय. आता रड."

मग बाईजा रडली.

धोंडीबाईने हे केलं ते एका पोरीला रडू फुटावं म्हणून. पण तिथे चार-पाच बायका होत्या. त्यांनी पाहिलं, आणि पुढच्या बाळंतपणाला एकजण म्हणाली, माझ्याही पोराचा दोरा लाव. नाही कसं म्हणणार? दुसरीचा लावला, तिसरीचा लावला, आणि बघता बघता ती गावाची रीत होऊन बसली. बाईजाचं पुढे मुरबाडकडे लग्न झालं, तीन वर्षांत कपाळ पुसून ती परत आली, आणि डोळे गेलेल्या धोंडीबाईने ती सुरी तिच्याच ओटीत घातली. बाईजानेही रीत मोडली नाही. बाळंतपण झालं की उरलेला दोरा मुठीवर, दोऱ्यावर डिंक. कुठला दोरा कुणाचा हे तिला तोंडपाठ. आधी अंगठ्याएवढी असलेली मूठ पस्तीस वर्षांत मनगटाएवढी झाली. घाम, तेल, रक्त आणि डिंक पिऊन ती काळी तुकतुकीत झाली होती, आणि आतेची बोटं तिच्याभोवती पुरती मिटतही नसत.

आता माझ्या आईचं सांगते. आई म्हणजे रंगू, देवजीची बायको. माझ्या आधी तिला तीन मुलं झाली. पहिली मुलगी. पाच दिवस छान प्यायली. सहाव्या दिवशी तिने स्तन धरायचं सोडलं, सातव्या दिवशी तोंड मिटलं ते उघडेना, अंग ताठ झालं आणि आठव्या दिवशी ती गेली. दुसरा मुलगा, त्याचंही तसंच. गावात अशी मुलं अधूनमधून जायची. लोक म्हणत, पाचवीला सटवाई येते, तिने कपाळावर लिहिलं तेवढंच. माझी आई दोन वेळा दूध जिरवायला छातीला फडकं बांधून भात लावायला गेली, एवढंच मला माहीत आहे.

दुसरं मूल गेल्यावर आते चालत शहापूरला गेली. तिथल्या दवाखान्यात एक नर्सबाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "नाळेला राख लावू नका. हात साबणाने धुवा. दोरा उकळा, सुरी उकळा." वर साबणाची एक वडी दिली. आतेने ते सगळं मंत्रासारखं पाठ केलं. एकोणचाळीस साली आईचं तिसरं बाळंतपण झालं. आतेने राख लावली नाही, हात कोपरापर्यंत धुतले, दोरा उकळला, सुरी उकळली. मुलगा झाला. आठव्या दिवशी तोही गेला.

त्यानंतर आते सुरी फडक्यात गुंडाळून पुन्हा शहापूरला निघाली. यावेळी भांडायला.

"तुजं पानी खोटं, तुजा साबू खोटा," ती दवाखान्याच्या दारातूनच ओरडली. "समदं तुज्या सांगन्यावानी केलं. पोर गेलं आमचं!"

नर्सबाई रागावली नाही. तिने शेगडीवरचं भांडं पुढे ओढलं. "बाईजाबाई, सुरी कशी उकळलीत, तेवढं मला करून दाखवा."

आतेने दाखवलं. पातं पाण्यात सोडलं आणि मूठ भांड्याच्या काठावर टेकवून ठेवली, कोरडी.

"मूठ बाहेर का?"

"मुठीवर पोरं हायत," आते म्हणाली. "पोरं कोन उकळतं का?"

नर्सबाईला काही कळेना. मग आतेने तिला दोऱ्यांचं सांगितलं. ते ऐकून नर्सबाईने कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवला आणि मुठीवरून एकदाच फिरवला. पांढरा बोळा काळा-तांबडा झाला.

"हा हात मुठीवर असतो," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि मग तोच नाळेला लागतो ना?"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसं झालं होतं. आते तिथेच जमिनीवर बसली. "रंगूची तीन," म्हणाली. "माज्या देवजीची तीन." नर्सबाई खुर्ची सोडून तिच्याशेजारी फरशीवर बसली आणि दोघींसाठी चहा मागवला. आते आयुष्यात पहिल्यांदा चहा प्यायली ती तेव्हा. ती सांगायची, तो गोड होता की कडू ते मला काही कळलं नाही.

त्याच सुरीने ज्यांची नाळ कापली अशी कितीतरी माणसं धडधाकट जगली. कुणाला बाधलं आणि कुणाला नाही, हे नर्सबाईला सांगता येत नव्हतं, मलाही येत नाही. पण तो बोळा आतेने पाहिला होता. नर्सबाईने तिला नवी सुरी घ्या म्हणून सांगितलं. आते म्हणाली, नवी घेईन, पण ही असेपर्यंत लोक हीच मागतील. झालंही तसंच. गुडघे दुखतात असं सांगून आतेने बाळंतपणं करणं सोडलं, तर लोक दुसऱ्या सुईणीसाठी सुरी मागायला दारात येऊ लागले. "तू नको येऊ, पन सुरी दे. आमच्या घरातले दोरे हायत तिच्यावर." आते सुरी देईना आणि का देत नाही तेही सांगेना. दीड-दोन वर्षं तिने शिव्याशाप खाल्ले. ते खरं सांगणं तिच्या जिवावर येत होतं, कारण सांगायचं तर आधी माझ्या आईला सांगायला हवं होतं.

एकेचाळीसच्या भादव्यात आईला माझ्या वेळचा सातवा महिना लागला. एका सकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. आते तिच्यासमोर येऊन बसली आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. मुठीचं, बोळ्याचं, सगळं. आई निवडायची थांबली नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं.

"बाय, तुला ठावं असतं तर तू केलं असतंस काय?"

"नाय गो."

"मंग मला कशाला रडवतंस?" आई म्हणाली. "मूठ सोड. हे पोर मला पायजे."

सोड म्हणणं सोपं. आतेने गावात बोलून दाखवल्याबरोबर बायका अंगणात जमल्या. त्यांत सगळ्यांत पुढे भिमा. हिचा अनंता कसाऱ्याला रेल्वेत गँगमन, घाटातल्या रुळांवर काम करणारा.

"तुज्या भावजयच्या पोरासाटी माजा अनंता गाडीखाली घालतंस काय गो?" भिमा कडाडली. "दोरा सुटला आन तो त्याच घडीला रुळावं असला तर?"

एरवी आतेने तिला उभी चिरली असती. पण दोरा सुटला की पोर सुटतं, हे तिलाही खरंच वाटत होतं. सगळ्या गावात सगळ्यांत जास्त तिलाच. तेव्हा ठाकरवाडीची चिमी पुढे आली. तिचा बुधू तीन वर्षांचा, तिच्या कडेवर. मुठीवर अगदी वरचे दोरे ज्यांचे होते, त्यांतलाच तो एक.

"बाईजाबाय, तो दोरा फेकनार हायस काय?"

"फेकीन कशी?"

"मंग मना दे. मी ह्याच्या करगोट्यात बांधते," चिमी म्हणाली. "मुठीला व्हता तो कमरंला राहील. पोर आपल्या कमरंला धरून जगंल की."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. इतकं साधं कुणालाच सुचलं नव्हतं. कुणी हो म्हणालं, कुणी तोंड फिरवून गेलं. भिमा फिरवून गेलेल्यांतली.

आतेने दुसऱ्या दिवशी कामाला हात घातला. वरचा डिंक ताजा होता. गरम पाण्यात पिळलेलं फडकं मुठीभोवती घट्ट गुंडाळायचं, फडकं निवलं की दुसरं, असं चार-पाचदा केलं की डिंक बुळबुळीत होई. मग बांबूच्या कामटीने दोऱ्याचं टोक उचलायचं आणि हलक्या हाताने उलगडायचं. लोखंड लावायचं नाही, दोरा कापला जातो. आतेसारख्या तापट बाईला हे काम म्हणजे शिक्षाच. पहिल्याच दिवशी तिने घाईने एक दोरा ओढला आणि तो तुटला. तिने दोन्ही तुकड्यांची गाठ मारली आणि अर्धा दिवस स्वतःलाच शिव्या घातल्या. त्यानंतर ती दोऱ्यागणिक स्वतःला बजावे, "थांबलं की सुटतं, बाईजे. थांब." जसजशी ती खाली गेली तसतसं तेल मुरलेलं. पाणी आत शिरेना. तेव्हा रिठ्याच्या फेसात मूठ बुडवून ठेवायची, तेल निघालं की पुन्हा फडकी. दिवसाला एखादा दोरा सुटे, कधी दोन दिवसांत एक. सुटला की धुवून, उन्हात वाळवून ती ज्याचा त्याच्या घरी नेऊन देई. काही घरांत तिला पाटावर बसवत, काही घरांत दोरा उंबऱ्यावरच घेत.

जे जगले नाहीत त्यांचेही दोरे मुठीवर होतेच. मधला एक काढायचा तर वरचे सगळे सोडावे लागतात, म्हणून ते तसेच आत राहिलेले. ते निघाले की आते एका करवंटीत ठेवी. माझ्या आईचे तीन वरच्याच थरांत होते. तिसरा निघाला त्या दिवशी आई येऊन बसली.

"कुठला कुनाचा?" तिने विचारलं.

आतेने तिन्ही तिच्या तळहातावर ठेवले. "ही थोरली. ह्यो मधला. ह्यो बारका."

आईने ते सारखे केले आणि कनवटीला खोचले. त्या दिवशी दोघींनी एकाच ताटात पेज घेतली, असं आई सांगायची. एवढंच सांगायची.

मूठ अर्धी झाली तेव्हा अनंताच्या दोऱ्याची पाळी आली. आतेने तो तसाच ठेवला, सुरी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि भिमाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चल. कसाऱ्याला जायचं."

"कशाला?"

"तुजा अनंता रुळावं नसंल तवा सोडते त्याचा दोरा. त्याच्या समोर. हिकडं मुठीवरनं निघंल, तिकडं त्याच्या कमरंला लागंल. मधी कुठं ठेवायचा नाय. मंग तर झालं?"

दोन म्हाताऱ्या, एक सुरी, रिठ्याच्या पाण्याचा तांब्या आणि भाकरीचं गाठोडं, असं लटांबर आसनगावपर्यंत चालत आणि तिथून गाडीने कसाऱ्याला पोचलं. अनंता दुपारच्या सुट्टीत गँगच्या खोपटात जेवत बसला होता. बावीस वर्षांचा, दारात वाकून शिरावं लागेल एवढा उंच. आतेने त्याच्यासमोर बसकण मारली, चुलीवर पाणी ठेवलं आणि फडकी पिळायला घेतली. बाकीचे गँगमन हसू लागले. अनंता लाजून लाल झाला.

"आयशे, काय गो हे? लोकं बघत्यात ना!"

"बघू दे," भिमा म्हणाली. "सदरा वर कर."

दोरा सुटायला तासभर लागला. मुकादम हाक मारून गेला, तरी कुणी उठलं नाही. आतेने दोऱ्याचं एक टोक मुठीवर अंगठ्याने दाबून धरलं, दुसरं भिमाने अनंताच्या करगोट्याला बांधलं, आणि मगच आतेने अंगठा उचलला. तेव्हा हसणारे हसायचे थांबले होते. एक घाटावरचा गँगमन म्हणाला, आमची आई असती तर आमचाही कुठं तरी असता. भिमाने त्याला गाठोड्यातली भाकरी दिली. परत येताना गाडीत ती आतेच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. गावात आल्यावर ती स्वतःच घरोघर जाऊन सांगू लागली की काही होत नाही गो, माझ्या अनंताचा मी माझ्या हाताने बांधला.

कार्तिक निम्मा सरला. मूठ बारीक होत चालली होती, आणि एका दुपारी तिच्यावर एकच दोरा उरला. सगळ्यांत खालचा, माझ्या बापाचा. त्याच्या खाली लाकूड दिसत होतं.

आतेने फडकं पिळलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. दोन दिवस तिने मुठीला हात लावला नाही. आईचे दिवस भरत आले होते. आते म्हणे, "एक ऱ्हायला तर काय होतंय? धुवून घेईन. एकाच दोऱ्यानं काय होतंय?" आई काय बोलणार? एका बाजूला तिचं पोर, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा. आणि आतेचं तर दोन्ही बाजूंनी सगळंच. आई मला सांगायची, त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा बायला मोठ्याने न बोलताना बघितलं.

तिसऱ्या दिवशी माझा बाप खळ्यावरून जेवायला आला. बाप फार कमी बोलायचा. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर आई म्हणे, आज बरं आहे ना? त्याने हात धुतले, चुलीवरच्या पाण्यात फडकं बुडवून पिळलं आणि आतेच्या पुढ्यातली सुरी उचलली.

"ठेव ती," आते म्हणाली. "देवजी, ठेव सांगतंय ना! आयशीचा दोरा हाय तो. त्यानं धरलंय तुला."

बाप फडकं गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "बाय, मला भूक लागली तवा दोऱ्यानं दूध आनलं काय? तू आनलंस. वाडीवं जाऊन बकरीचं. मला ताप आला तवा दोरा जागला काय?" त्याने फडकं बदललं. "मला तू धरलंस. दोऱ्यानं नाय धरलं."

आते रडली. तेरा वर्षांची असताना रडली होती तशी, असं मला वाटतं, पण ते पाहिलेलं आता कुणी नाही. बापाने कामटीने टोक उचललं आणि दोरा हळूहळू सोडवला. खाली खैराचं लाकूड तांबूस, कोरडं, त्याच्यावर चरे. बापाने तो दोरा स्वतःच्या करगोट्यात नाही बांधला. आतेच्या मनगटाला बांधला. "तुजा हाय ह्यो," म्हणाला आणि जेवायला बसला.

मी मार्गशीर्षात झाले. आतेने मनगटावरचा दोरा काढून बापाकडे दिला, हात साबणाने घासले आणि सुरी मडक्यात पुरी बुडवली, मुठीसकट. पाणी खळखळ उकळू दिलं. नवा दोरा उकळला. मुठीभोवती तिची बोटं कित्येक वर्षांनी पुरती मिटली. नाळ बांधली, कापली. दोऱ्याचा तुकडा उरला, आणि सवयीने तिचा हात मुठीकडे गेला. आई पडल्या पडल्या बघत होती. तुकडा चिमटीत धरून आते थांबली. कुठे ठेवावा तिला कळेना. मग तिने तो चुलीत टाकला. आईच्या कनवटीतले तीन दोरे बाळामागून पडलेल्या वारेसोबत परसात पुरले.

पाचवीला सटवाईपुढे सुरी मांडली तेव्हा उघडी मूठ बघून बायका कुजबुजल्या. कुणी माझं नाव ठेवायला धजेना. नुसतं तान्हं, तान्हं म्हणत राहिले, तेच पुढे तानी झालं आणि शाळेच्या दाखल्यावरही तेच चढलं.

आणि आते? ती माझ्या जन्मापासून माझ्यापाशी बसली ती उठलीच नाही. माझी मूठ तिने आपल्या बोटाभोवती मिटवून घेतली होती. दोरा नव्हता, काही नव्हतं, मग पोराला जमिनीला धरायचं कुणी? जेवण डाव्या हाताने. झोप बसल्या बसल्या, भिंतीला टेकून. आई म्हणे, "बाय, मी हाय ना, जरा आडवी व्हय." आते म्हणे, "गप गो." सहावा दिवस गेला, मी पीत होते. सातवा गेला. आठव्या दिवशी बाप खळ्यावर गेला नाही, ओसरीवर बसून राहिला. आईने मला दिवसभरात इतक्यांदा पाजलं की मी ओकले, आणि त्या ओकण्यानेही तिघं घाबरली.

नवव्या दिवशी सकाळी मी जागी झाले आणि भुकेने एवढी बोंब ठोकली की बाहेर अंगणात भिमा धावत आली. आईने मला छातीशी घेतलं. आते उठायला गेली, तर मी तिचं बोट सोडेना. पीत होते आणि मूठ आवळून धरली होती. आतेने हळूच ओढून पाहिलं, मी आणखी घट्ट धरलं. मग ती माझ्याकडे वाकली. नऊ दिवस आडवी न झालेली, डोळे लाल, आणि आवाजात तो नेहमीचा राग.

"सोड गो आता," ती मला म्हणाली. "धरलंस तू. माजी मी जाते निजायला."